तीन फुटी टँक, एक जोडी आणि तिची हद्द

धायरीहून एका ताईंनी विचारलं आहे. घरी तीन फुटी टँक आहे, त्यात दोन वर्षं गप्पी आणि मोली सुखात होते. मुलगा सहावीत. त्याच्या हट्टाखातर दुकानातून चार ‘रंगीत चिचलिड’ (म्हणजे सिक्लिड कुळातले मासे) आणले, सोबत दोन एंजल. दीड महिन्यात एकच मासा उरला, निळा, अंगावर उभे काळे पट्टे असलेला. दुकानदार म्हणतो, चिचलिड म्हटलं की मारामारी आलीच. मुलाला मात्र तेच पाळायचे आहेत. सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं, उन्हाळ्यात टँकर येतो आणि कमी पडलं की बोअर सुरू करतात. शांत सिक्लिड असा काही प्रकार असतो का, असला तर कुठला, आणि त्याच्याबरोबर काय ठेवायचं?

ताई, असतो. पण आधी त्या निळ्या माशाबद्दल बोलतो, कारण घरात आता सगळे त्याच्याकडे खुनी म्हणूनच बघत असतील.

तुमच्या वर्णनावरून तो आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातला, म्बुना गटातला दिसतो. म्बुना म्हणजे खडकांत राहणारे. खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि आपल्या खडकापाशी दुसरा नर आला की त्याच्या अंगावर जायचं, हा त्यांचा रोजचा दिवस. सरोवरात हरलेला मासा चार हात लांब जातो आणि भांडण तिथेच मिटतं. तुमच्या टँकमध्ये हरलेल्याला जायला जागाच नव्हती. कोपऱ्यात गेला तरी तो जिंकणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच, म्हणून मार थांबेना. आणि एंजल बिचारे पंखांचा एवढा पसारा घेऊन पळणार कुठे? आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले, असे दोन खंडांतले मासे एका पाण्यात सोडले, चूक तिथे झाली. मलावीचा मोठा टँक असलेल्या कुणाला तो मासा देता आला तर द्या. त्याच्या शेजारी मी आता सांगतो त्यातलं काहीही ठेवू नका.

सिक्लिड भांडतो तो जागेसाठी, आणि जागा त्याला हवी असते मुख्यतः पिल्लांसाठी. गप्पीची मादी पिल्लं टाकते आणि पुढे निघून जाते, समोर आलं तर स्वतःचं पिल्लूही गिळते. सिक्लिडचं तसं नाही. अंडी घालायची जागा तो तोंडाने घासून साफ करतो, अंड्यांना पंखांनी वारा घालतो, पिल्लं पोहायला लागली की त्यांना घेऊन फिरतो. एवढा जीव लावणारा प्राणी आपल्या दाराशी कुणाला उभं कसं राहू देईल? त्यामुळे अजिबात न भांडणारा सिक्लिड शोधू नका, तो मिळणार नाही. थोडक्या जागेत भागवणारा, आणि ती मिळाली की इतरांच्या वाटेला न जाणारा, असा शोधा. असे बरेच आहेत. तळकोकणात किंवा गोव्यात तुम्ही काळुंदर खाल्ला असेल, तोही सिक्लिड. केरळात त्यालाच करीमीन म्हणतात, २०१० पासून तो तिथला राज्य मासा आहे. भिगवणला ताटात येते ती चिलापी, तीही याच कुळातली.

आता पाणी. पुण्यात कुठला मासा पाळायचा हे मी आधी नळावर ठरवतो, दुकानात नंतर जातो.

महापालिकेचं पाणी येतं ते टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांतून. सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून उतरलेलं हे पावसाचं पाणी. वाटेत त्याला चुनखडी भेटत नाही, म्हणून ते हलकं राहतं. माझ्या कोथरूडच्या नळाला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, वर्षभर साधारण ६० ते १०० च्या दरम्यान दाखवतो. दक्षिण अमेरिकेतले आणि पश्चिम आफ्रिकेच्या नद्यांतले शांत सिक्लिड अशाच हलक्या पाण्यातले आहेत. यासाठी लोक आरओ बसवतात, आपल्याला ते आयतं मिळतं. बोअरचं पाणी मात्र जमिनीखाली क्षार घेत मुरलेलं असतं. पुण्याच्या आसपास ५०० च्या वर टीडीएस असलेल्या बोअर मी स्वतः मोजल्या आहेत.

जड पाण्याने मासा लगेच मरतो असं नाही. त्याला मारतो तो अचानक झालेला बदल. एका एप्रिलमध्ये मी नेहमीसारखं निम्मं पाणी बदललं. आदल्या रात्री आमच्या सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा झाला होता, हे मला माहीत नव्हतं. सकाळी माझे पाच रॅम, हे छोटे नाजूक सिक्लिड, तळाला टेकून बसले होते, कल्ले भराभरा हलत होते, रंग राखेसारखा. संध्याकाळपर्यंत तीन गेले. मग मीटर काढला: टँकमधून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत ११०, नळाला ६४०. ते मासे मी सात महिने वाढवले होते. तेव्हापासून पाणी बदलायच्या आधी दोन्हीकडे मीटर बुडवतो, एकही वेळ चुकवत नाही. आकड्यांत मोठा फरक असेल तर त्या दिवशी पाणी बदलायचं नाही. आणि एका वेळी पाव टँकपेक्षा जास्त कधीच नाही.

तुमच्याकडे तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, त्यामुळे मार्च ते जून खास सांभाळा. झाकणाचा एखादा ड्रम गॅलरीत ठेवा आणि सोसायटीत महापालिकेचं पाणी आलेलं असताना तो भरून घ्या. त्यात एअर पंपाचा दगड सोडून एक दिवस बुडबुडे चालू ठेवले की क्लोरीन उडून जातो, घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब आहेतच. दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बहुधा गुरुवारी, आणि मग शुक्रवारी येतं ते उशिरा, कमी दाबाने, पुष्कळदा गढूळ. अशा शुक्रवारी टँकला हात लावू नका. जुलैमध्ये धरणात लाल पाणी उतरलं की शुद्धीकरणात क्लोरीनही वाढतो, तेव्हा थेंब जरा सढळ हाताने घाला.

आणखी एक विचारायचं राहिलं. गप्पींच्या वेळचा फिल्टर अजून चालू आहे ना? असेल तर तो जपा. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. तो स्पंज नळाखाली खळखळून धुतला की क्लोरीनने जिवाणू मरतात, आणि नवी वसाहत बसायला चार ते सहा आठवडे जातात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा पिळायचा, बस्स.

तर, कुठले मासे? तुमचा टँक तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच धरला तर काठोकाठ १५९ लिटर होतात, वाळू-दगड वजा जाता १३० च्या आसपास. पण माशाला लिटर कळत नाहीत, त्याला तळ कळतो. तीन फूट बाय सव्वा फूट तळावर एकच जोडी नांदते. दोन जोड्या ठेवल्या तर पहिलीने अंडी घातली त्या दिवशी दुसरीचे हाल सुरू होतात.

ती जोडी क्रिबेन्सिसची असावी, असं माझं मत आहे. दुकानात क्रिब म्हणतात. नायजेरिया आणि कॅमेरूनच्या ओढ्यांतला हा मासा, नर चार इंचांचा, मादी तीन. २४ ते २७ अंश तापमान त्याला पुरतं आणि थोडंफार उन्नीस-बीस पाणी तो सोसतो. नवशिक्याच्या हातून होणाऱ्या चुका इतक्या सोसणारा आणि तरीही इतका देखणा दुसरा सिक्लिड मला माहीत नाही. लहान असताना पाच-सहा आणा, त्यांच्यात जोडी जमू द्या आणि उरलेले दुकानात परत द्या. आणायच्या आधीच दुकानदाराशी तसं बोलून ठेवा, बरेच जण घेतात.

रॅम फार सुंदर आहे, मुलाचं मन त्याच्यावरच जाईल. दुकानात ‘जर्मन रॅम’ म्हणतात, पण तो मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातला. त्याला २८ ते ३० अंश ऊब लागते आणि पाण्यातला चढउतार त्याला खपत नाही. तुमच्या तिहेरी पाण्यात पहिल्या वर्षी तो आणू नका. त्याचा भाऊबंद बोलिव्हियन रॅम रंगाने फिका पण अंगाने चिवट. दिसला तर क्रिबऐवजी त्याची जोडीही बिनधास्त घ्या.

एंजलची सोय होईल, पण एंजल ठेवायचे तर क्रिब नाहीत. एंजलला तळ नको, उंची हवी. दीड फूट उंचीत दोन मोठे एंजल ठीक राहतात, मात्र निऑन टेट्रा त्यांच्या तोंडात मावतो आणि मावतो तो जातो. कीहोल नावाचा एक सिक्लिड आहे, अंगावर किल्लीच्या भोकासारखा काळा डाग. त्याच्याइतका सौम्य सिक्लिड मी पाहिला नाही, पण तो इतका लाजरा की महिनाभर मुलाला फक्त वेली दिसतील. एपिस्टो नावाचे छोटे सिक्लिड पुढच्या वर्षी बघू. डिस्कस नको. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, कन्व्हिक्ट यांच्याकडे या टँकसाठी बघूही नका, दुकानात ते दोन इंचांचे आणि गोजिरवाणे दिसत असले तरी.

मासा घेताना दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. जो धावून येतो तो घ्या. पोट आत गेलेला, पांढऱ्या दोऱ्यासारखी शी लोंबणारा किंवा एका बाजूला धापा टाकत उभा असलेला मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणांहून प्रवास करून आलेले मासे थकलेले असतात. ते दुकानात येऊन आठवडा झाला असेल तर बरं.

आता तळ मांडू. वाळू बारीक आणि गोल कणांची घ्या. बांधकामाच्या क्रश सँडचे कण धारदार असतात आणि क्रिब दिवसभर तोंडाने वाळू उपसतो. रंगीत खडे आणि संगमरवराची खडी नको. खड्यावर व्हिनेगर टाकून फेस आला तर त्यात चुना आहे असं समजायचं, तो पाणी जड करत राहतो. आपला साधा काळा दगड चांगला, ब्रशने घासून गरम पाण्याने धुतला की झालं.

घर मात्र मातीचं द्या. कसबा पेठेत कुंभारवाड्यात चार इंचांच्या छोट्या कुंड्या मिळतात. कुंडी पालथी घालायची आणि पक्कडीने काठाचा एक तुकडा मोडायचा, दोन बोटं आत जातील एवढंच दार. कडा दगडावर घासून गुळगुळीत करा. दार मोठं झालं तर मादी ती कुंडी नाकारते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. पाठीमागून कुणी येऊ नये, पुढून एकाच दाराची राखण करावी लागावी, असं तिला हवं असतं. नारळाची करवंटीही चालते, फक्त दोन-तीनदा उकळा, नाहीतर पाणी चहासारखं होतं. अशी दोन घरं टँकच्या एकाच बाजूला ठेवा. दुसरी बाजू बाकीच्या माशांची. मधे दगड, जावा फर्न, अनुबियस आणि उंच वाढणारी वालिसनेरिया यांची आडभिंत करा. मग मुलाला टँकच्या एका टोकाशी गुडघ्यांवर बसवा, डोळे तळाच्या पातळीवर. त्याला पलीकडच्या टोकाची काच दिसली तर मांडणी चुकली, पुन्हा लावायची. तुमचा पहिला टँक असाच पाहिला असता तर आरपार दिसला असता.

सोबतीला दहा-बारा झेब्रा डॅनिओ. स्वस्त, आपल्याच देशातले, चपळ आणि वरच्या थरात राहणारे. त्यांचा आणखी एक उपयोग आहे. वर लहान मासे निवांत फिरताना दिसले की सिक्लिडला कळतं, आसपास मोठा शिकारी नाही, आणि मग तो कुंडीतून बाहेर येऊन समोर वावरतो. डॅनिओ नसतील तर जोडी दिवसभर दडून बसते आणि मासे लाजरे आहेत अशी तक्रार येते. टायगर बार्ब नको, ते पंख कुरतडतात. कोरी नकोत. कोरी बिचारा मातीत तोंड घालून हिंडणारा, त्याला कुणाची हद्द कळत नाही. रात्री तो कुंडीच्या दाराशी जातो आणि सकाळी त्याचे डोळे आणि पंख फाटलेले दिसतात. काच साफ करायला सकर आणू नका, तो फूट-दीड फूट वाढतो आणि रात्री अंडी खातो.

हे सगळं नीट बसलं तर दोन-तीन महिन्यांत एक दिवस मादीचं पोट कोकम सरबताच्या रंगाचं होईल. ती नरासमोर येईल, अंगाची कमान करेल, पोट त्याच्याकडे वळवेल आणि सबंध अंगाने थरथरेल. सिक्लिडमध्ये बहुधा नर पुढाकार घेतो, इथे ती घेते. मग दोघं कुंडीतली वाळू तोंडाने उपसून बाहेर टाकतात, दाराशी ढीग लावून दार आणखी अरुंद करतात. एका सकाळी मादी दिसेनाशी होते आणि नर दाराबाहेर पहारा देतो. घाबरून कुंडी उचलून बघू नका. अंडी आत छताला चिकटलेली असतात, तीन दिवसांत फुटतात, आणि आणखी चार-पाच दिवसांनी मादी बाहेर येते ती आपल्या पोटाखाली राखाडी ठिपक्यांचा ढग घेऊन. डॅनिओ जवळ आला की तिने पंखांचा एक झटका दिला रे दिला, सगळा ढग खाली बसतो आणि वाळूत दिसेनासा होतो. दिवा मालवायची वेळ झाली की ती पिल्लं तोंडात भरून कुंडीत नेऊन सोडते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवणाचं ताट हातात तसंच राहिलं होतं. मुलाची शाळा असली तरी त्या संध्याकाळी त्याला टँकसमोर बसू द्या.

पिल्लांना पहिले पंधरा दिवस आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, लागतो. मिठाच्या पाण्यात बुडबुडे सोडून त्याची अंडी ठेवली की २८ अंशांच्या आसपास दिवसभरात फुटतात, पुण्यात मार्चनंतर त्याला वेगळी ऊबही लागत नाही. एक गोष्ट मुलाला शास्त्राच्या तासाला सांगता येईल: क्रिबची पिल्लं आम्लधर्मी पाण्यात वाढली तर त्यांत नर जास्त निघतात. उदासीन पाण्यात नर-मादी बरोबरीच्या जवळ येतात.

मोठ्यांना खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. चांगल्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म. नाल्यातून आणलेला जिवंत ट्युबिफेक्स हा किडा कितीही ताजा दिसला तरी घालू नका, तो सांडपाण्यात वाढलेला असतो. गणपतीला आठ दिवस गावी जायचं असेल तर मोठा मासा उपाशी राहू शकतो. शेजाऱ्यांना किल्ली देणार असाल तर खाण्याचा डबा देऊ नका. कागदाच्या चार पुड्या बांधून, वार लिहून ठेवा आणि डबा कपाटात कुलपात ठेवा. प्रेमापोटी मूठभर टाकणारे शेजारी मी पाहिले आहेत.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी २० अंशांच्या खाली उतरू शकतं, १५० वॉटचा हीटर बसवा आणि २५ वर ठेवा. एप्रिलमध्ये उलटं. वरच्या मजल्यावर पाणी ३१-३२ पर्यंत चढतं. झाकण उघडून जाळी टाका आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. जेवढं पाणी उडालं तेवढंच ड्रममधलं हलकं पाणी घाला, कारण क्षार टँकमध्येच राहिलेले असतात. वीज जाते तेव्हासाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो, उन्हाळ्यात दोन तासही जड जातात.

पिल्लं पन्नास, कधी शंभर होतात, आणि जरा मोठी झाली की आईबापच त्यांना हाकलायला लागतात. तेव्हा ती कात्रजच्या, पाषाणच्या तलावात किंवा मुठेत सोडायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. मोझांबिकची तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली, आज उजनीत चिलापी म्हणून ती जिकडेतिकडे आहे. काचेच्या टँकांतून सुटलेला सकर उजनीच्या कोळ्यांची जाळी फाडतो. पिल्लं दुकानात द्या, ओळखीत वाटा, आणि पुढची वीण नको असेल तर कुंडी काढून ठेवा.

या आठवड्यात मासे आणू नका. दीड-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणा आणि मुलाला वही द्या. रोज सकाळी नळ आणि टँक, दोन्हीचा आकडा तारीख घालून लिहायचा, गुरुवार-शुक्रवार न चुकता. पंधरा दिवसांचे आकडे मला पाठवा, मग जोडी कुठल्या आठवड्यात आणायची ते ठरवू.